सावलीचं बक्षीस

मी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी एक म्हातारी नाचण आहे. भाकरीची नाचणी नव्हे, मित्रांनो. मी पक्षी आहे. माझं अंग चिमणीहूनही बारीक, आणि त्या अंगाला अजिबात न शोभणारी लांबरुंद शेपटी. माझं चित्र काढायला तुम्हाला रंगपेटी लागणार नाही, एक पेन्सिल पुरेल. पाठ धुरकट काळी ठेवा. डोळ्यावर एक बारीक पांढरी भुवई काढा. गळा कोरा सोडा. छातीवर पीठ उडाल्यासारखे पांढरे ठिपके द्या. मग शेपटी जपानी पंख्यासारखी उघडा आणि तिच्या टोकांना थोडं खोडरबर फिरवा. झाले मी तयार.

लोक म्हणतात, मी नाचते. मी फांदीवर इकडून तिकडे वळते, शेपटी उघडते, मिटते, पुन्हा उघडते. बघणाऱ्याला वाटतं, काय मजेत आहे ही! खरं तर मी कधीच नाचत नाही, मी पोटामागे धावत असते. तुमच्या घरात चादर झटकली की मागे लपलेला डास उडतो ना, तसं माझ्या शेपटीचं आहे. ती उघडली की पानाखाली बसलेली माशी दचकते आणि उडते, आणि मी तिला हवेतच टिपते. दिवसभर मी हेच करते. ज्याला तुम्ही नाच म्हणता तो माझा स्वयंपाक आहे.

मला उंच शेंडा आवडत नाही आणि जमीनही आवडत नाही. मला मधली जागा हवी असते. जिथे फांद्या एकमेकींत गुंततात, ऊन गाळून येतं, खाली ओल असते आणि ओलीवर चिलटं असतात, ते माझं गाव. थंडीत आम्ही पाखरं घोळक्यानं फिरतो. चष्मेवाले, सुभग, शिंपी पुढे पानं चाळत जातात आणि त्यांच्या धक्क्यानं उडालेले किडे मी मागून खाते. त्याबद्दल मला कुणी कधी बोललं नाही. जंगलात एवढं चालतं.

माझा जन्म डोंगरात वर झाला. पुढे तिथली झाडी विरळ झाली. बंगले आले, मग क्रिकेट खेळायची हिरव्या गालिच्यांची मैदानं आली, त्यांच्यावर रात्रभर जळणारे दिवे आले. दिव्यांवर किडे जमतात, तेव्हा आमची चंगळच असेल असं तुम्हाला वाटेल. पण आम्ही रात्री झोपतो. सकाळी दिव्यांखाली मेलेल्या किड्यांचा सडा असायचा आणि झाडांवर जिवंत किडा सापडायचा नाही. म्हणून मी आणि माझा जोडीदार खाली सरकत सरकत वर्तकनगरच्या मागे आलो. तिथे इमारती संपतात आणि ओढा लागतो. त्या ओढ्याला लागून कमळाबाईंची वाडी आहे.

कमळाबाईंच्या सासरची भातशेती होती, खाडीला मिठागर होतं. आता तिथे बारा-पंधरा मजल्यांचे टॉवर आहेत आणि बाईंकडे उरली आहे ती ही वाडी. दोन जांभळं, पाचसहा रायवळ आंबे, कडेनं करवंदाचं कुंपण आणि एका जुन्या गोठ्यात एक म्हैस. दूध कमी देते म्हणून मुलगा ती म्हैस विकायला सांगायचा आणि बाई नाही म्हणायच्या. त्या म्हशीभोवती इतक्या माश्या असत की आम्हा दोघांचं सगळं त्या गोठ्यावर भागत असे.

माझ्या जोडीदाराचं गाणं तुम्ही ऐकायला हवं होतं. शाळेतून सुटलेला मुलगा शीळ घालत घरी यावा तसं ते होतं. स्वर चार पावलं चढायचे, दोन उतरायचे, पुन्हा चढायचे. ते गाणं म्हणजे आमच्या घराचं कुंपणच होतं. ओढ्यापासून गोठ्यापर्यंत जिथवर ते ऐकू जाई तिथवर आमचं राज्य. दुसरा नर त्या हद्दीत येऊन गायला की हा सगळं टाकून त्याच्यावर धावून जायचा. आम्ही अंगानं लहान असलो तरी भित्रे नाही. मी घारीच्या पाठीवर चोच मारलेली आहे.

त्या वर्षी आंब्याला कैऱ्या धरल्या तेव्हा आम्ही घरटं बांधायला घेतलं. ओढ्याकडे झुकलेल्या एका आंब्याची खालची बेचकी मी निवडली. माणसाच्या खांद्याएवढी उंच. त्याच्या आदल्या घरट्यातली अंडी भारद्वाजानं खाल्ली होती, म्हणून या वेळी मी जागा फार पारखून घेतली. बेचकीच्या वर आंब्याच्या मोठ्या पानांचा झुबका होता. तो छपरासारखा खाली ओणवला होता. दुपारचं ऊन त्यातून शिरत नसे, आणि वरून उडणाऱ्याला खाली काय आहे ते दिसत नसे.

आम्ही बारीक गवत आणलं आणि गोठ्याच्या आढ्यावरची कोळिष्टकं आणली. कोळ्याचा धागा म्हणजे आमचं सिमेंट. तो चोचीत गुंडाळून आणायचा, गवताभोवती फिरवायचा आणि छातीनं दाबून वाटी घडवायची. कमळाबाई गोठ्यात शेण काढत होत्या. त्यांनी मला धागा ओढताना पाहिलं आणि मान वळवून मी कुठे जाते ते बघितलं. संध्याकाळी मुलगा मोटारसायकल घेऊन आला, तेव्हा त्या ओटीवरूनच ओरडल्या, "प्रितम, त्या आंब्याखाली गारी नको लावू रं! तितं पाखराचं घर हाय."

"कुठे?"

"कुठं ते बगाया जाऊ नको. हाय म्हंते ना मी!"

प्रितमनं गाडी दुसरीकडे लावली, पण तो बघायला आलाच. त्यानं खिशातून फोन काढला आणि एक फोटो घेतला. बस, एकच. तो वाईट मुलगा नव्हता. आपल्या वाडीत काहीतरी सुंदर आहे याचा त्याला आनंद झाला होता आणि तो आनंद त्यानं फोनवरून सगळ्यांना दाखवला. मी तेव्हा अंड्यांवर बसले होते. तीन अंडी होती, दुधावरच्या सायीच्या रंगाची, जाड टोकाला तपकिरी ठिपक्यांचं कडं असलेली.

पिल्लं बाहेर आली आणि त्या रविवारी माणसंही आली.

केदार डोंबिवलीचा होता. त्याच्याबरोबर कल्याणची रुचिता होती. दोघांच्या अंगावर पानांच्या रंगाचे कपडे आणि गळ्यात हातभर लांब नळ्यांचे कॅमेरे. केदारला माझं सगळं माहीत होतं. मी काय खाते, किती अंडी घालते, परदेशातले लोक मला काय म्हणतात, हे त्यानं प्रितमला उभ्या उभ्या सांगितलं. तो शाळाशाळांतून पक्ष्यांवर व्याख्यानं देत असे. प्रितम त्याच्याकडे बघतच राहिला.

"साहेब, कधीपण या. आपलीच वाडी समजा," प्रितम म्हणाला.

"साहेब काय रे, केदार म्हण. तुझी वाडी बघ आता कशी फेमस होते!"

मित्रांनो, पहिल्या दिवशी ते दूर बसले. मी घास आणत होते, ते कॅमेऱ्यातून बघत होते. मला वाटलं, ही माणसं म्हशीसारखीच असावीत. मोठी, पण आपल्या वाटेला न जाणारी. मी घाबरणं सोडून दिलं.

दुसऱ्या खेपेला केदारनं फोन आणला आणि तो करवंदाच्या कुंपणात अडकवला. फोनमधून एक नर गाऊ लागला.

माझा जोडीदार चोचीत माशी घेऊन येत होता. त्यानं ती तिथेच टाकली आणि कुंपणावर झेपावला. तिथे कुणी नव्हतं, पण गाणं मात्र होतं. तो फांदीफांदीवर शोधू लागला. शेपटी फुलवून, पंख पाडून, तो वैऱ्याला बाहेर ये म्हणून आव्हान देत राहिला. वैरी थकत नव्हता, घाबरत नव्हता, श्वास घ्यायलाही थांबत नव्हता.

"कसला भारी फॅन उघडलाय! एकदम फुल्ल!" केदार हळूच म्हणाला. कॅमेरे कडकडले.

हे रोज सकाळी होऊ लागलं. केदार नसला तर त्याच्याकडून ऐकून आलेलं दुसरं कुणी असे. माझा जोडीदार उजाडल्यापासून नसलेल्या वैऱ्याशी भांडायचा. पिल्लांना घास भरवायचं काम माझ्या एकटीवर पडलं. तो वाळला. त्याच्या छातीचं हाड दिसू लागलं. एकदा तो त्या फोनवरच जाऊन बसला आणि त्याच्या काचेवर चोची मारू लागला, तेव्हा सगळे तोंडावर हात ठेवून हसले. प्रितमही हसला. मी आंब्यावरून बघत होते. माझ्या नवऱ्याला कुणी असं हसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग एके दिवशी केदारनं बॅगेतून छोटी कात्री काढली.

"काय करतोयस?" रुचितानं विचारलं.

"अगं, घरट्यावर काळोखच आहे सगळा. पिल्लांचे डोळेसुद्धा दिसत नाहीयेत."

"कापू नको ना पण. दोऱ्यानं बाजूला बांध, जाताना सोडून देऊ."

"चारपाच पानं तर आहेत. एवढ्या मोठ्या झाडाला काय फरक पडतो?"

केदारनं झुबका कापला. देठांतून चीक आला. पानं घरट्याच्या कडेला घासत खाली पडली आणि आमच्यावर एकदम आकाश उघडलं. माझ्या पिल्लांनी आकाश तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यांनी चोची उघडल्या. त्यांना वाटलं असेल, कुणीतरी घास घेऊन आलं.

केदार मागे सरकला. रुचितानं जमिनीवरची पानं बघितली, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग तिनंही कॅमेरा डोळ्याला लावला.

ठाण्यातलं वैशाखातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. तुम्ही पंखा लावता, पडदा ओढता. आम्हाला पानंच पंखा आणि पानंच पडदा. दुपार चढली तशी पिल्लं धापा टाकू लागली. त्यांच्या अंगावर अजून धड पिसं नव्हती, गुलाबी कातडी भाजत होती. मी घरट्याच्या काठावर उभी राहिले, दोन्ही पंख पसरले, शेपटी पूर्ण उघडली आणि उन्हाकडे पाठ केली. जेवढी सावली माझ्या अंगाची पडेल तेवढी मी पाडली. माझी चोच वासली होती. मला पाणी हवं होतं. ओढा खालीच होता, पण मी हलले असते तर ऊन आत शिरलं असतं. आणि मी हलत नव्हते म्हणून त्यांना घास मिळत नव्हता.

"रुचिता, बघ, बघ!" केदार कुजबुजला. "सावली देतेय पिल्लांना. काय आईची माया आहे! मी असला फोटो आयुष्यात नाही काढला."

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, मित्रांनो. ते मला कधीच विसरता आलेलं नाही. तो खोटा रडत नव्हता. त्याच्या एका हातात कॅमेरा होता आणि पायाशी त्यानंच कापलेली पानं वाळत होती. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्याच्या मनात येत नव्हतं.

धाकटं पिल्लू त्या दुपारी गेलं. ते माझ्या सावलीत मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा आला. तो टॉवरच्या कठड्यावर बसून हल्ली रोज माणसांची गर्दी बघत असे, आणि आता त्याला गर्दी कशाभोवती जमते तेही वरून दिसत होतं. मी त्याच्यावर तुटून पडले. "चक् चक्" म्हणून जीव खाऊन ओरडले. दोघांनी मिळून धाव घेतली असती तर आम्ही त्याला पळवलं असतं, याआधी पळवलाही होता. पण कुंपणात फोन गात होता. माझ्या जोडीदारानं माझी हाक ऐकली, तो वळला, अर्ध्या वाटेवर आला, आणि मागून वैऱ्याचं गाणं चढलं तसा पुन्हा माघारी वळला. घर वाचवायचं की हद्द, हे त्या बिचाऱ्याला ठरवता येईना.

रुचिता टाळ्या वाजवत, "हाड हाड" करत धावली. ती पोचेपर्यंत दोन्ही पिल्लं गेली होती. केदार जागचा हलला नाही. त्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं.

आवाज ऐकून कमळाबाई गोठ्यातून आल्या. हात शेणानं भरलेले होते. त्यांनी रिकाम्या घरट्याकडे बघितलं, वरची कापलेली देठं बघितली आणि खाली वाकून एक वाळलेलं पान उचललं.

"पाना कोनी तोरली ही?"

केदार म्हणाला, "काकी, वाईट आम्हालापण वाटलं. पण हा निसर्ग आहे. कावळ्यालाही त्याचं पोट आहेच ना."

"कावल्याला पोट हाय, त्ये ठावं हाय मना. कैची कावल्यानं लावली का?"

"आई, पाहुणे आहेत ते," प्रितम खालच्या आवाजात म्हणाला.

"पाहुना जेवून जातो, प्रितम. घराचं छप्पर काडून नेत नाय."

केदारनं कुंपणातून फोन काढला आणि सामान आवरलं. रुचिता जाताना बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी पाय मागे घेतले.

मी मात्र संध्याकाळपर्यंत घास आणत राहिले. घरट्याच्या काठावर उभी राहायचे, कुणी चोच उघडत नाही असं बघायचे, तो घास स्वतः गिळायचे आणि पुन्हा आणायला जायचे. मला का थांबता येत नव्हतं ते मला सांगता येणार नाही.

श्रावणात केदार पुन्हा आला, या वेळी कॅमेऱ्याशिवाय. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली चौकट होती. डोंबिवलीच्या एका प्रदर्शनात त्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. प्रितमनं कौतुकानं चौकट ओटीच्या भिंतीवर टांगली. मी गोठ्याच्या वाशावर बसले होते, तिथून मला ती सरळ दिसत होती. मी पंख पसरून उभी होते. माझ्या खाली तीन चोची होत्या. ऊन त्यांच्या आरपार गेलं होतं, त्यामुळे त्या आतून दिवा लावल्यासारख्या लाल दिसत होत्या. खाली सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, 'आईची सावली'.

"शाळांमधून दाखवतो मी हा," केदार म्हणाला. "मुलं अगदी गप्प होतात बघताना. रुचिताकडेपण हाच क्षण होता, काकी. तिनं स्पर्धेला पाठवलाच नाही. वेडी आहे."

कमळाबाईंनी फोटोतल्या चोची बोटानं मोजल्या. मग त्यांनी विचारलं, "यातला कंचा पोर जगला?"

केदारनं प्रितमकडे बघितलं. प्रितमनं चहाचे कप उचलले आणि तो आत गेला.

"आनि पोरांना दावतोस तवा त्यांना सांगतोस का, ऊन कुठून आला त्यो?"

"काकी, मुलांना कशाला ते... त्यांना प्रेम वाटायला हवं ना पक्ष्यांबद्दल."

बाई उठून म्हशीकडे आल्या आणि तिच्या पाठीवरच्या गोचड्या काढत बसल्या. फोटो भिंतीवर राहिला. घर मुलाचंही होतं.

पुढच्या हंगामात त्या फोटोमुळे आणखी माणसं आली. बाईंनी वाडीचं फाटक बंद ठेवलं, तेव्हा ती ओढ्याच्या पलीकडे आणि कुंपणाबाहेर उभी राहू लागली. आता एका कुंपणातून नव्हे, चार बाजूंनी फोन गात. आणि माझा जोडीदार शहाणा झाला. त्याला कळलं की ही गाणी खोटी आहेत, यांच्यामागे कुणी नसतं. त्यानं उत्तर देणं सोडलं. गाणं ऐकू आलं की तो अंग फुगवून फांदीवर गप्प बसून राही. मला हायसं वाटलं.

मग एक दिवस खरा नर आला. वरच्या झाडीतून हाकलला गेलेला, तरणाबांड, भुकेला. तो जांभळावर बसून गायला. माझा जोडीदार हलला नाही. तो दुसऱ्या दिवशी आंब्यावर येऊन गायला. हा तरीही हलला नाही. त्याला वाटलं, फोनच आहे. जेव्हा त्या नराची चोच त्याच्या डोक्यात बसली तेव्हा फार उशीर झाला होता. ज्यानं आयुष्यभर एका गाण्यानं एवढी हद्द राखली, त्यानं ती एकाच सकाळी गमावली. आम्ही दोघंही हुसकले गेलो, आणि त्या धावपळीत वेगळे झालो.

मी आता ओढ्याच्या खालच्या अंगाला असते. तिथे एका सोसायटीची मागची भिंत आहे, वडाची काही रोपं आहेत आणि गटारावर मच्छर भरपूर आहेत. पोटाचं भागतं. वेगळे झाल्यावर काही दिवस पलीकडच्या झाडीतून गाणं येत असे. चार पावलं वर, दोन खाली. ते त्याचंच वाटे. पण तसंच गाणं ऐकून मी दोनदा धावत गेले होते आणि दोन्ही वेळा मला कुंपणात लटकलेला फोन सापडला होता. म्हणून तिसऱ्यांदा मी गेले नाही. एके सकाळी ते गाणं आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. फोन असता तर तो पुन्हा वाजला असता, हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मी गेले. तिथे कुणी नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत कुणी माझा फोटो दाखवला तर जरूर बघा. माझी शेपटी त्यात खरंच सुंदर आली आहे. पण आमच्यावर प्रेम करा असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण प्रेम करणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. मी फक्त एवढं मागते की कुठे घरटं दिसलं तर पाऊल मागे घ्या आणि ती जागा कुणाला सांगू नका. आमच्या गाण्याची नक्कल करून आम्हाला बोलावू नका. आम्हाला तुमच्याकडे यायचं असेल तर आम्ही येऊ. आणि घरट्यावरचं पान तुमच्या नजरेच्या आड येत असेल, तर ते तसंच राहू द्या. ते तिथे आड येण्यासाठीच उगवलेलं असतं.